एका पायातला वाळा

१८ सप्टेंबर २००४
आलो बाई एकदाचे! शिकागोजवळचं शॉमबर्ग सोडल्यापासून गाडीत बसून बसून पाठीचा पार भुगा झाला, पण गाव बघितलं आणि शीण गेला. लोस ओल्मोस, न्यू मेक्सिकोच्या डोंगरातलं एवढंसं गाव. अमेरिकेत आहे म्हणायचं इतकंच. जाड मातीची घरं, मध्ये चर्च, शेतांना पाटाचं पाणी आणि माणसं स्पॅनिश बोलणारी. आमच्या डॉक्टर नवऱ्याला, नकुलला, व्हिसासाठी खेड्यातल्या दवाखान्यात तीन वर्षं काढायची आहेत. काढू की. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या बाईला वाळवंटाची कसली भीती!
घरोघरी भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा लटकतात. आपण दारावर लिंबाबरोबर चार मिरच्या बांधतो, यांनी अख्ख्या गावाची दृष्ट काढायची ठरवलेली दिसते. शेजारच्या रोमाल्दाबाई मक्याच्या गरम पोळ्या घेऊन आल्या. सत्तरीच्या असतील. मी त्यांना लगेच मावशी करून टाकलं. माझं पोट बघून त्यांनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. मी काढू दिला. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात बाळ गेलं, तेव्हापासून कुणाचाही आशीर्वाद मी परत पाठवत नाही.

२६ सप्टेंबर
रविवार म्हणजे भटकंती, असा नियम केला आहे. आज गरम पाण्याचं कुंड आणि जुनं चर्च पाहिलं. चर्चच्या भिंती गावातल्या बायका दरवर्षी हातांनी लिंपतात. मावशींनी आपला तळवा दाखवला, आमच्या आजीचा शेणाने सारवणारा हात तसाच होता. येताना पाटाच्या कडेला बसून भाकरी-ठेचा खाल्ला. पोटात बाळ पहिल्यांदा नीट हललं. नकुल गाणं म्हणत गाडी चालवत होता. मी फार सुखात आहे, हे लिहून ठेवते.

३ ऑक्टोबर
काल शॉमबर्गच्या मैत्रिणीचं, नंदाचं पार्सल आलं. ती नागपूरला जाऊन आली, तिच्याबरोबर आईने बाळासाठी चांदीचे घुंगरांचे वाळे पाठवले. आईची फोनवर सूचना: जन्माआधी बाळाचं काही घरात आणू नये, पण आता आलेच आहेत तर आधी देवाच्या पायाला लाव, मग कपाटात ठेव. आमचे देव अजून खोक्यात, आणि खोकं गराजमध्ये सगळ्यांत खाली. वाळे पर्समध्येच राहिले.
आज डोंगरावरच्या ओसाड मेंढपाळवाडीला गेलो. पडकी घरं, पिवळी झाडं, वर निळंशार आकाश. टोकाला एक मातीचं देऊळवजा खोपटं. आत कोनाड्यात लाकडाचा छोटा मुलगा, अंगात खरंखुरं झबलं, पाय उघडे. मला एकदम आमचा बाळकृष्ण आठवला. म्हटलं, देव तो देव, आणि बाळाची वस्तू बाळालाच दाखवावी. त्याचे घोटे लाल दोऱ्याने एकत्र बांधले होते. दोरा सोडला आणि वाळे पायांना लावता लावता कौतुकाने घालूनच पाहिले. अगदी मापाचे बसले.
नकुल खाली हॉर्न वाजवायला लागला. एक वाळा निघाला, दुसरा निघेना. पाय सुजल्यासारखा वाटला. लाकूड कुठलं सुजतं! एक तिथेच ठेवून आले. दोरा बांधायचा राहिला.

६ ऑक्टोबर
दुपारी भाजी चिरत होते. बाहेर रस्त्यावर छुम. मग नुसतं पाऊल. मग परत छुम. बघितलं तर कुणी नाही. एखाद्या बकरीच्या गळ्यातली घंटा असेल.

१२ ऑक्टोबर
बकरी नाही. आज आवाज अंगणात होता, भर उन्हात. एका पायात घुंगरू, दुसरा पाय मुका. लंगडल्यासारखी चाल. ओट्यावरच्या धुळीत पावलं आहेत, माझ्या बोटाएवढी. नकुल म्हणाला, उत्तरा, शेजारची पोरं येतात यार, यू आर जस्ट टायर्ड. शेजारी मावशी एकट्या राहतात. त्यांच्याकडे पोरं नाहीत.

१७ ऑक्टोबर
मावशींना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला कप खाली पडला. मग मोडक्या इंग्रजीत सांगत बसल्या. वाडीतला एक लहान मुलगा आई सोडून गेली म्हणून तिच्या मागे बर्फात अनवाणी निघाला आणि गोठून मेला. बापाने त्याची मूर्ती घडवली. लोकांना दया यायची, ते तिला बूट घालायचे. सकाळी बुटांना चिखल असायचा. जी बाई घालायची तिच्या घरी तो यायचा, आणि तिचं स्वतःचं मूल राहायचं नाही. म्हणून पाय बांधले. म्हणून कुणी त्याला पायात काही घालत नाही. हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, बाहेरच्यांना कोण सांगणार.
मी विचारलं, आता काय करू? त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ही हॅज अ मदर नाऊ.”
मला रडू आवरेना. मी फक्त देवाच्या पायाला लावायला गेले होते.

१८ ऑक्टोबर
नकुलला रजा घ्यायला लावली. वाडीवर गेलो. कोनाडा रिकामा. लाल दोरा खाली पडलेला. नकुल म्हणाला, कुणीतरी चोरली असेल. पण उतरताना गाडी फार जोरात चालवत होता, आणि गाणं म्हणत नव्हता.

२५ ऑक्टोबर
आता स्वयंपाकघरात. मी बाहेरच्या खोलीत गेले की बाहेरच्या खोलीत. दिसत नाही. मी उभी राहिले की तोही थांबतो. साडी नेसले होते, निऱ्या कुणीतरी खालून ओढल्या. हलकेच, लहान मूल ओढतं तशा.
देव खोक्यातून काढून मांडले. दिवा लावते. टिकत नाही.

३१ ऑक्टोबर
दुसरा वाळा उंबऱ्यावर ठेवला. घे बाबा, म्हटलं, दोन्ही घे, पण माझ्या बाळाला राहू दे. हात जोडून म्हटलं. आत येऊन दार लावलं. थोड्या वेळाने पाहिलं तर वाळा नव्हता.
दुपारभर दोन्ही पायांनी छुम छुम छुम, घरभर. खूश होऊन नाचावं तसं. मग एकदम बंद.

६ नोव्हेंबर
आवाज नाही. एवढे दिवस झाले, काहीच नाही. नकुलने स्कॅन करून घेतला, सगळं नॉर्मल. मी आज पोटभर जेवले. आईला फोन केला, वाळ्यांचं सांगितलं नाही. मावशींकडे पोळ्या मागायला गेले, पण त्या माझ्या पोटाकडे बघून मागे सरल्या. क्रूस काढला, माझ्यावर नाही, स्वतःवर.

९ नोव्हेंबर
बाळ हलत नाही. कालपासून. नकुल म्हणतो कधी कधी झोपतं जास्त. उद्या नेतो म्हणाला.

१० नोव्हेंबर
बर्फ. रस्ता बंद, नकुल दवाखान्यात अडकला. फोनवर म्हणाला, दार उघडू नकोस, मी येतोच.
हललं. देवा, हललं—
लाथ मारली आणि आतून आवाज आला. छुम. पुन्हा लाथ. छुम. दोन्ही पाय. पोटावर हात ठेवला तरी तळव्याला घुंगरू लागतात—
मग माझं कुठे आहे

बाहेर रडतंय. पाटाच्या बाजूला. तान्हं, अगदी तान्हं. मी ओळखते, कधी ऐकलं नाही तरी ओळखते. आत हा लाथा मारतोय, जाऊ देत नाही—
दार उघडू नको म्हणाला होता
बर्फात अनवाणी आहे गं ते, आई, माझं बाळ अनवाणी आहे, त्याच्या पायात घालायला घरात काहीच—