होडीला लावलेलं दार

७ एप्रिल

आज मुक्काम हलवला. घरून, गोडादऱ्याहून रिक्षा, मग बस, मग भूपेंद्रभाईंच्या टेम्पोत हत्यारांच्या पेटीवर बसून मगदल्ल्याच्या अलीकडे तापीकाठी पोचलो. या वयात माणसं काशीला जातात, मी होडीला आलो. शेड ऐसपैस आहे. वर पत्रा, बाजू उघड्या, नदीचा वारा सारखा खेळतो. कोपऱ्यात एक खोली, खाट, पंखा, माठ. राजालाही याहून काय लागतं!

होडी फायबरची. मूळची पांढरी असणार, आता हात पुसायच्या फडक्यासारखी झालीय. भूपेंद्रभाईंचे झिंग्याचे तलाव आहेत, खाडीपलीकडे जायला त्यांना होडी लागते. ही त्यांना चिखलात रुतलेली सापडली. मग कित्येक उन्हाळे इथेच पत्र्याखाली पडून होती. मूळ मालक कोण, कोणालाच ठाऊक नाही. हसत म्हणाले, काका, आ होडी मने जीवती जोईए. म्हटलं, शेठ, जिवंत करून देतो, पळायला लागली तर धरायचं मात्र तुम्ही.

अनुसयाने कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिलाय. निघताना म्हणाली, तिकडे नदीकाठी उघडंनागडं झोपू नका, तुम्ही काही पोरगे नाहीत. बेचाळीस वर्षं हेच ऐकतोय, न ऐकलं तर झोप येत नाही.

कापडाच्या लूमवरची नोकरी सोडल्यावर हे काम मी पाण्याच्या टाक्या आणि गणपतीचे साचे बिघडवून बिघडवून शिकलो. फायबरच्या चिकट रेझिनमध्ये ते कडक करणारा हार्डनर किती घालायचा ते उन्हावर असतं, म्हणून रोजचं ऊन लिहून ठेवायची सवय लागली. मग उन्हाबरोबर बाकीचंही लिहू लागलो. आज ऊन कडक. मन खुशीत.

१० एप्रिल

फायबर सडत नाही. सडतं त्याच्या पोटातलं लाकूड. होडीच्या तळाशी लांबच लांब लाकडी पट्ट्या असतात, मागे जाड पाटी असते, तिच्यावर इंजिन टांगतात. हे सगळं फायबरमध्ये गुंडाळलेलं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की बाहेरून नवरी सजलेली आणि आतून भुसा.

म्हणून सकाळी हातोडीच्या मागच्या बाजूने सगळी होडी वाजवत बसलो, टरबूज घेताना वाजवतात तशी. चांगलं असेल तिथे टणटण, सडलं असेल तिथे भद्द. पुढून टणटण आलं ते मधल्या बाकापर्यंत. तिथून मागे सगळं भद्द. मागची पाटी तर अशी वाजली की मीच हातोडी खाली ठेवली. पोट भरलेल्या माणसाच्या पोटावर थाप मारावी तसा आवाज.

अनुसयाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मग तिला वाजवता कशाला, जेवून झोपलेली असेल. खूप हसलो दोघं.

१३ एप्रिल

पाटी उघडली. ग्राइंडरने आतलं फायबर कापलं आणि लाकूड ओंजळीने बाहेर काढलं. ओलं होतं! इतके उन्हाळे कोरड्या पत्र्याखाली पडलेली होडी, आणि आत हात घातला तर थंडगार चिखल. वासही नदीचा नाही. बंद खोलीचा वास. कोणीतरी बरेच दिवस आजारी पडून असलेल्या खोलीचा.

सगळं काढल्यावर बॅटरी मारून पोकळी पाहिली. फायबरची आतली बाजू खरखरीत असते, हात सोलून निघतो. इथे मधोमध ती गुळगुळीत, तेलकट, चमकत होती. आमच्या बिछान्यामागची भिंत अशी झालीय, मी रोज पाठ टेकतो तिथे. बसून बसून होते तशी.

त्या एवढ्याशा जागेत कोण बसणार? पाण्याने घासलं असेल. घासून साफ केलं, दोनदा ॲसिटोनने पुसलं. तरी मनात आलं की आपण कोणाचंतरी सामान रस्त्यावर काढलंय.

१७ एप्रिल

भूपेंद्रभाईंनी प्लाय पाठवलं. पाहिलं आणि परत पाठवलं. असलं पापडासारखं लाकूड घालायचं तर माझा हात कशाला हवा?

मग घरच्या दाराची आठवण झाली. गोडादऱ्यात पहिली खोली बांधली तेव्हा भंगारातून सागवानी दार आणलं होतं. नंतर लोखंडी बसवलं, पण जुनं अनुसयाने गच्चीवर झाकून ठेवलंय. तिचा जीव त्यात. प्रत्येक सणाला तिने त्या फळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं उमटवलीत.

घरी जाऊन मागितलं तर फुरंगटली. म्हणाली, घराचं दार कोणी परक्याच्या होडीला देतं का, उद्या मला चुलीत घालाल. मी म्हटलं, गच्चीवर वाळवी खाईल, त्यापेक्षा नदी बघेल बिचारं. शेवटी स्वतःच पदराने पुसून दिलं. गच्चीवर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घातलेत म्हणून माझ्याबरोबर खालपर्यंतही आली नाही. रागावलेली होती, मला कळत होतं.

२० एप्रिल

ऊन छान. दार मापात कापून पाटीत बसवलं. सुतार म्हणाला असता, रंधा मार. मी एका बाजूला रंधा मारलाच नाही. तिची बोटं जाऊ द्यायला हात धजेना. काचेच्या धाग्यांची चटई अंथरून रेझिन ओतलं आणि हळदीकुंकू असं उजळलं, जणू आज सकाळी लावलंय. आता ही पाटी शंभर वर्षं हलत नाही.

वाळल्यावर वाजवून पाहिली. काय सांगू, देवळातली घंटा!

दुपारी अनुसयाचा फोन. दारावर कोणी थापा मारत होतं, उघडलं तर कोणी नाही. गल्लीतल्या पोरांना शिव्या घालून झाल्या होत्या, उरलेल्या मला ऐकवल्या.

२२ एप्रिल

पट्ट्या बसवतोय, म्हणून आज पुन्हा पाटी वाजवावी लागली. थोड्या वेळाने तिचा फोन, पुन्हा थापा. मला उगाच शंका आली. म्हटलं बघू. आमच्या कानबाई देवीच्या गाण्याचा ठेका धरून हातोडी वाजवली, फोन कानालाच होता.

ती म्हणाली, ऐका, मेले आता कानबाईचा ठेका धरून वाजवताहेत.

उन्हात असून अंगावर काटा आला. हातोडी पेटीत टाकली, कुलूप लावलं. आता वाजवणार नाही. कोणाला सांगू? कोण ऐकेल, आणि ऐकलं तर हसेल.

२४ एप्रिल

हातोडी पेटीत आहे. पेटीला कुलूप आहे. आणि पाटी वाजतेय.

भर दुपारी. मी समोर बसलेला. आतून. घाई नाही, जोर नाही. पाहुणा पायरीवर उभा राहून वाजवतो तसं. पाटीवर तळवा ठेवला तर प्रत्येक थाप तळव्याला लागली.

लगेच घरी फोन केला. सांगितलं, गायत्रीकडे चलथाणला जा, पोरीकडे राहा चार दिवस. म्हणाली, बिबडे कोण उचलणार, तुमचा जावई? मग सहज बोलली की आताच चंचल येऊन गेली वाटतं. ही मोरीत भांडी घासत होती, दार वाजलं, हिला वाटलं शेजारची चंचल पीठ मागायला आली. आतूनच हाक दिली, ये वं, मझार ये. बाहेर आली तर कोणी नाही. नुसती फरशी ओली.

पाटी आता वाजत नाही. तिने हाक दिल्यापासून वाजलेली नाही.

आत ये म्हणाली ती. तिने आत ये म्हटलं.

२५ एप्रिल

काल इकडून वाहन मिळालं नाही, सकाळी निघणार होतो. तेवढ्यात तिचाच फोन आला. आवाज रुसलेला. काल न सांगता आलात ते आलात, वर जेवला का नाहीत? भाकरी टाकली, वाढलं, तर भिंतीला पाठ टेकून नुसते बसून राहिलात. कपडे ओले, पुसायला दिलं तर पुसलं नाही. एक शब्द बोलला नाहीत, सकाळी न सांगता निघूनही गेलात. आणि थांबा, हे काय, तुम्ही तर इथेच पुन्हा बसलाय, मग हा फोन कोण—

एवढं म्हणाली आणि थांबली. मी ओरडलो, बाहेर पड. फोन कट.

त्याच दिवशी, गोडादरा

जिन्यात बसून लिहितोय. लिहिलं नाही तर मीच मला खोटा ठरवेन.

धावत आलो. चंचल तिच्या दारात उभी होती. मला पाहून मागे सरकली. म्हणाली, काका, तुम्ही तर काल दुपारीच वर गेलात, बोललाही नाहीत, तुमच्या पावलांचं पाणी मी जिन्यावरून पुसलं.

लोखंडी दाराला आतून कडी. वाजवलं. आतून अनुसयाने विचारलं, कोन शे? मी म्हटलं, मी. ती हसली. अगदी तिचंच हसणं. म्हणाली, हे तर आत बसलेत, कोण मेलं थट्टा करतंय. पण हसणं मध्येच तुटलं.

शेजाऱ्यांनी कडी तोडली. आत कोणी नव्हतं. तव्यावर भाकरी जळत होती. दोन ताटं वाढलेली. बिछान्यामागची भिंत ओली, मधोमध पाठीएवढी जागा चमकत होती.

मोरी पाहिली, गच्ची पाहिली. बिबडे वाळून कडक झालेत. कोणी उचलले नाहीत.

२६ एप्रिल

गायत्री आणि जावई आले. पोलिसांत सांगितलं. ते म्हणतात, रागावून माहेरी गेल्या असतील. म्हटलं, साहेब, दाराला आतून कडी होती. त्यांनी माझ्याचकडे बघितलं.

दुपारी माझा फोन वाजला. अनुसया. खूप हळू बोलत होती, देवघरात बोलतात तशी. म्हणाली, कुठे गेलात सगळे, गल्ली अशी गप्प का? घरातच आहे म्हणते. उजेड कमी आहे म्हणते. आणि लोखंडी दार कुठे गेलं, आपलं जुनं लाकडी दार परत आलंय. माझी बोटं आहेत वर, हळदीची. त्याच्यावर काचेसारखं काहीतरी थापलंय, नखाने निघत नाही, उघडत नाही.

मी थापलंय ते. मी. या हातांनी.

मग विचारलं तिने. फोनवर तुम्ही आहात, तर माझ्या मागे भिंतीला टेकून कोण बसलंय?

म्हटलं, मागे बघू नको. दारापाशीच राहा. येतोय.

गायत्रीनेही कानाला लावला फोन. तिला फक्त पाण्याचा आवाज आला.

२७ एप्रिल

शेडवर. ऊन आहे. किती ते कळत नाही.

मला आता कळलंय. त्या पोकळीत कोणी राहत होतं. मी त्याला हुसकावलं आणि त्याच्या जागी माझ्या घराचं दार लावून दिलं. ते त्या दारातून माझ्या घरात गेलं. जाताना दार माझं होतं, तिला घेऊन परत येताना दारामागचं घर त्याचं झालं. ती त्याच्या घरात आहे.

भूपेंद्रभाईंचा फोन आला, भरती चांगली आहे, होडी पाण्यात घालू. हातापाया पडलो. नको. पाटी पाण्यात बसेल. अनुसया बुडेल.

पाटीवर कान ठेवला. आतून थापा. भाकरी थापतात तशा, तळव्याच्या. तिच्याच. दोन घरं पलीकडून ओळखेन.

ग्राइंडर लावतोय. खोल लावता येत नाही — ती दाराला लागून उभी असेल — केसभर, मग थांबायचं, मग पुन्हा —

नंतर

फायबर निघालं. लाकडाला फट पाडली. होडीच्या मागे कोपऱ्यातल्या खोलीची भिंत आहे, मी डोळ्यांनी बघतोय. पण फटीतून आमच्या घरचा वास येतोय. फोडणीचा, तिच्या केसांच्या तेलाचा. आणि तो दुसरा, आजाऱ्याच्या खोलीचा.

आत अंधार. हाक मारली. ओ दिली. दुरून दिली.

भूपेंद्रभाई, हे वाचाल तर हात जोडून सांगतो, फट बुजवू नका. मी असो नसो. आतून बाई बाहेर येईपर्यंत कोणी बुजवू नका. गायत्रीला सांगा की —

नाही. आधी हात घालतो.

सापडला. हात सापडला! डाव्या हाताने घट्ट धरलाय, वही मांडीवर, अक्षर कसंही येतंय, पण लिहितो, कोणी आलं तर कळावं की ती आहे, जिवंत आहे, मी धरलंय. गार पडलीय बिचारी. अनुसया म्हटलं तर हात दाबला. ओढतोय. येत नाही. उलट ती मला —

जोर फार आहे. खांदा फटीला लागला. मनगट चाचपलं. बांगड्या नाहीत. एकही नाही. आणि तिचा आवाज — या हाताच्या खूप मागून येतोय — सोडा म्हणते, अहो सोडा, तो हात —