पान एकेचाळीस

आमदार निवास, मुंबई
ता. ४ जुलै १९७३

ती. सौ. धोंडुअक्कास आकारामचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

विधानसभेची सदस्य-परिचय पुस्तिका छापून आली. थोरली बहीण म्हणून पहिली प्रत तुलाच धाडतोय. पान एकेचाळीसवर माझा फोटो आणि माहिती आहे. टोपी जरा कलली आहे, पण चेहरा भारदस्त आलाय. दाजींना दाखव, चावडीत वाचायलाही हरकत नाही.

इथलं जेवण मिळमिळीत. येणाऱ्याबरोबर चटणी दे. लोभ आहेच, तो पुढच्या निवडणुकीपर्यंत तरी टिकावा.

तुझा आकाराम (आमदार)

माळवाडी, नेसरीजवळ
ता. १२ जुलै

चि. आकारामला अक्काचा आशीर्वाद.

सहीपुढं आमदार कशाला लिवतोस? मला दुसरा आकाराम हाय व्हय?

पान एकेचाळीस वाचलं. 'लहानपणी गुरे राखून स्वकष्टाने शिक्षण घेतले.' तुझ्या दाजींनी हसून हसून चहा सांडला. आरं, तू गुरं कवा राखलीस? आबांनी एकदाच धाडलतं. तांबडी गाय एकटी घरी आली आणि तुला हुडकायला चार माणसं गेली.

गुरं मी राखली. तुझ्यापुढं एक यत्ता हुते, गणितात पैली. चौथी झाली आणि आबा म्हणालं, गुरांमागं कुणीतरी पायजेच. तू माझीच पाटी घेऊन नेसरीच्या शाळेत गेलास. तवा मी रडले न्हाय. काल ते पान वाचून रडले.

पुस्तक दुरुस्त करत बसू नको. आमची बायडा औंदा चौथी पास झाली. गावात पाचवी न्हाय, नेसरीच्या वाटंवर ओढा भरून वाहतोय. परवा दाजी म्हणालं, म्हशींमागं कुणीतरी पायजेच. तेच शब्द, आकाराम. माझा हात भाकरीवरच थांबला. गावात पाचवी आण. न्हायतर पुढच्या प्रचाराला स्टेजवर चढून त्या गाईची गोष्ट सांगते.

चटणी दिलीय. जाणूनबुजून तिखट केलीय. लोभ हायच, पण आता त्याला अट हाय.

अक्का

मुंबई, ता. ९ ऑगस्ट

ती. अक्कास नमस्कार.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यात चटणीचाही हात होता. पाटी तुझी होती हे मी विसरलो नव्हतो गं, लिहायची लाज वाटली.

काल सभागृहात तोंड उघडलं, दीड वर्षात पहिल्यांदा. मंत्री म्हणाले, पटावर वीस नावं असतील तर वर्ग देतो. गावच्या गुरुजींकडून मागवलेल्या यादीतली मोजली तर एकोणीस. मी ठोकून दिलं की माझ्या थोरल्या बहिणीची पाचवी राहिलीय, विसावी ती. सगळे हसले, मी हसलो नाही. मग मंत्र्यांनी मंजुरी दिली. तीन सप्टेंबरला वर्ग सुरू, उद्घाटनाला मी येतो. आता माझी अब्रू तुझ्या हाती. लोभाची अट पाळली असं समजावं.

आकाराम

माळवाडी, ता. २० ऑगस्ट

चि. आकारामला आशीर्वाद.

दाजी म्हणालं, ह्या वयात कसली पाचवी. मी सांगितलं, विधानसभेत बोललंय ते, मागं घेता येत न्हाय. बायडा आणि मी एका बाकावर बसणार. गणितात ती मला हरवंल असं म्हणतीय. बघू की.

उद्घाटनाला हार-मांडव काय नको. सकाळी सातला गोठ्यात ये. बायडा शाळेत, मी शाळेत, दाजी मळ्यात. म्हशींमागं कुणीतरी पायजेच. दिवसभर राखल्यास तर पान एकेचाळीस खरं हुतंय.

काळी म्हैस उनाड हाय. ती एकटी घरी आली, तर ह्या वेळी तुला हुडकायला कुणी येणार न्हाय. आमची शाळा असंल.

तुझी अक्का
धोंडुबाई (यत्ता पाचवी)