फौजेमागून आलेली मतपेटी

आई, रविवारी तुझ्या नातीचा फोन आला आणि मी इतक्या मोठ्यानं हसले की शेजारीण दारात येऊन विचारू लागली, "काय झालं बाई?" तिला काय सांगणार? हे तुलाच सांगायला हवं, कारण हे भांडण तुझ्याच स्वयंपाकघरात सुरू झालं होतं.

गंगाखेडच्या घरातली ती दुपार मला अजून दिसते. एका बलाढ्य देशानं लोकशाही आणतो म्हणून दुसऱ्या देशात फौज घुसवली होती. मी कॉलेजात नुकतीच राज्यशास्त्र शिकवायला लागलेली. तावातावानं म्हणतेय, "कसली लोकशाही आई, सगळा स्वार्थ आहे. त्यांना तेल पाहिजे." तू येसराच्या आमटीला फोडणी देतेयस. शाळेतून रिटायर झालीस तरी आवाज वर्गातलाच. "आपल्याकडं बी फौजच आली होती की," तू म्हणालीस. "निजामाचं राज गेलं तवा बापाच्या खांद्यावर बसून मी गाड्या बघितल्या. दिल्लीचा फायदा नव्हता का त्यात? लय होता. पण मागून मतपेटी आली. जिला विहिरीवर लांब उभं करायचे ती माझी माय राणीसावरगावात पाटलिणीच्या पुढं रांगेत उभी राहिली." मी हटले नाही. "आपले लोक आधीपासून त्या राजाशी लढत होते. तिथल्या लोकांना कुणी विचारलं?" तशी तू पळी आपटलीस. "मग तेच बघ ना, लोकांना विचारलं का ते. नुसतं स्वार्थ-स्वार्थ काय करायलीस? पुस्तकातून बोलायलीस." आणि रागातच माझ्या ताटात वाटी भरून आमटी ठेवलीस. मीही रागातच दोनदा मागून घेतली. तो देश पुढं वर्षानुवर्षं पेटत राहिला, तेव्हा तू नव्हतीस. माझं खरं ठरलं, पण ते ऐकवायला समोर कुणी नव्हतं.

आता तुझी नात सरकारकडून एका लांबच्या देशात गेलीय, तिथल्या लोकांना मतदान कसं घ्यायचं ते शिकवायला. लढाया थांबल्यावरची त्यांची ही पहिलीच निवडणूक. एका गावात बायका शिकायला येईनात. त्यांच्यातली एक म्हातारी दुभाष्याकरवी म्हणाली, "आजवर जो आला तो आमच्या भल्यासाठीच आला. तुझ्या देशाला काय पाहिजे ते सांग." सोबतचे साहेब मैत्री आणि शांततेचं भाषण सुरू करणार, तेवढ्यात आपली पोरगी बोलून गेली, "तुमच्या खाणी पाहिजेत आजी, तुमचं बंदर पाहिजे. मला पगार मिळतो. पण पेटीची किल्ली तुमच्याकडंच राहील." साहेबांचा चेहरा पडला. आता आपल्याला परत पाठवतात, असं पोरीला वाटलं. पण म्हातारी बोळकं उघडून हसली. म्हणाली, "बस. आधी जेव."

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. म्हातारीनं पेटी उलटी करून, आत हात घालून स्वतः खात्री केली. मतदानाचा दिवस शांततेत पार पडला, गावात कुठं दगडसुद्धा उचलला गेला नाही. म्हातारी मत देऊन बाहेर आली तेव्हा आपल्या पोरीनं गमतीनं विचारलं, "कुणाला दिलं आजी?" तर ती कडाडली, "का? तुझ्या देशाला कळवायचंय?" सगळी रांग हसली. इकडं मी हसले, ते हेच ऐकून.

ही शांतता टिकेल का, मला माहीत नाही. खाणींचे करार होतील तेव्हा त्या बायकांना कुणी विचारेल का, तेही माहीत नाही. पण रविवारपासून मी घरात गुणगुणत फिरतेय. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा खरं ते सांगून टाकते. तुझं म्हणणं मला अजूनही पुरतं पटलेलं नाही. पटलं असतं तर लिहायला बसलेच नसते.