फिरती हाळी

कुपवाड,
बुधवार, १२ मार्च २०२५

चि. विश्वजित यास आक्काकडून,

कागदाच्या डोक्यावर ‘श्री’ नाही आणि नावापुढे आशीर्वादही नाहीत, हे तुझ्या ध्यानात येईलच. विसरले नाही. कारण पुढे लिहिते.

पत्र कशाला, फोन करायचा की, असं म्हणशील. फोन केला की तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मागून तुला कुणीतरी हाका मारत असतं. शिवाय फोनमधून येणाऱ्या आवाजाची मला आता धास्तीच बसली आहे.

इकडे ऊन तापायला लागलंय. पप्पूची बायको माया परवा पोस्टाच्या परीक्षेला बसून आली. पेपर बरा गेला म्हणते, पण ती दरवेळी तसंच म्हणते. घरमालकिणीनं जिन्याला नवा रंग दिलाय, असा हिरवा की रावा लाजेल. मी कामावर जात नाही सध्या. सुपरवायझर चांगला आहे, नाव कमी केलेलं नाही अजून.

तुझं संगीत ऐकलं, हे सांगायला खरं तर हे पत्र.

सिनेमा काही सांगलीच्या थेटरात लागला नाही. पण नुसतं संगीत निघालंय म्हणून पप्पूनं माझ्या मोबाईलवर घालून दिलं. दोघांनी चहा पीत ऐकायला घेतलं. पाच मिनिटं झाली तसा पप्पू म्हणाला, “आक्का, ह्यात गाणं कवा सुरू हुतंय गं?” मी म्हटलं, गप ऐक. पेटी नाही, ढोल नाही, बासरी नाही. लोकर कातरायच्या कातरीचा चरचर आवाज, मग लांबवर घंट्या, मग मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्यातून जाणारा वारा, आणि मध्येच कुणीतरी खाकरतं. ते खाकरणं आप्पांचं होतं, रे. पप्पूला कंटाळा आला, तो गाडी काढून गेला. मी मात्र हलले नाही. डोळे मिटले की आपला माळ समोर येत होता. आई गेल्यापासून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. तुझा अभिमान वाटला, हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला ते खोटं वाटेल.

मग वाटलं, आप्पांनाही ऐकवावं.

दसऱ्यानंतर त्यांची डावी बाजू गेली, ते तू पाहून गेलासच. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं सगळं. मेंढरं विकून माझ्याकडे आले तेव्हापासून तुझं नाव घेत नव्हते, हेही खरं. ‘पोरगं मेंढरामागं आलं न्हाई, मेंढरांचा आवाज तेवढा घिऊन गेलं’ असं माणसांत सांगायचे. म्हणून मी तुझं नाव न घेता मोबाईल त्यांच्या उशाशी ठेवला. म्हटलं, नुसतं ऐका. पहिल्या पहिल्यांदा छान ऐकत होते. घंट्या आल्या तसं म्हणाले, “मोरकी मागं ऱ्हायली बग.” आपली ती लंगडी मेंढी. मला हसू आलं. पुढं काय येणार हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही, मी भाकरी थापायला आत गेले.

आणि ती हाळी आली.

लांडगा पडल्याची हाळी. तुला माहीत आहे ना, ती मेंढक्यानं ऐकली की पडून राहायचं नसतं. ताटावरनं उठायचं, तापानं फणफणलेला असला तरी उठायचं आणि काठी घेऊन शेजारच्या मेंढरांच्या वाड्याकडं धावायचं. चित्र समोर असतं तर त्यांना कळलं असतं की हा सिनेमा आहे, तू फोनवर सांगितल्याप्रमाणे कुणा परक्या बाईच्या घराचं दार उघडतंय आणि तू त्याच्यावर हा आवाज घातलायस. चित्र नव्हतं. नुसती हाळी होती. आणि दिवसाढवळ्या, माझ्या दोन खोल्यांत.

मी बाहेर आले तर खाट रिकामी. एका अंगाचा माणूस दारापर्यंत कसा गेला, देव जाणे. त्या हिरव्या जिन्यावरनं खाली पडले होते. मी धरायला गेले तर माझा हात झटकून म्हणाले, “सोड! नाना हाळी घालाय लागलाय. त्यो मरतुय आणि मी हितं आडवा पडू व्हय?”

नानासोकाका, रे. आप्पांचे सख्खे धाकटे भाऊ, पप्पूचे वडील. जाऊन दहा-अकरा वर्षं झाली. आप्पांनीच खांदा दिला होता.

आवाज त्यांचा स्वतःचाच होता, तूच घेतलेला. पण आपला आवाज बाहेरून कुणाला ओळखू येतो? दोघा भावांचा आवाज एकसारखा. त्यांना नानाच वाटला.

खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला नेलं. ह्या वयात, ह्या अंगानं भूल झेपायची नाही, घरी न्या म्हणाले. एवढं तुला फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालास, काम संपलं की येतो. जे सांगितलं नव्हतं ते आता सांगते.

आप्पा दुखण्यानं ओरडत नव्हते. ते वाट बघत होते. लांडग्याची हाळी घालणारानंच पुन्हा फिरती हाळी घालायची असते. लांडगा गेला, मेंढरं शाबूत आहेत, बसा आता. ती आल्याशिवाय ऐकणारानं अंग टाकायचं नसतं. आप्पा अंग टाकत नव्हते. मोडलेल्या हाडानिशी उजव्या कोपरावर रेलून खिडकीकडं कान. समोरच्या कारखान्यातल्या प्रेस दिवसभर धाड धाड चालतात. म्हणायचे, “त्या मिशनी बंद कर म्हनावं. नानाचं ऐकू येत न्हाई.”

तू आवाज घेतलास त्या दिवशी चहाची किटली धरून मी तिथंच उभी होते. आप्पा तयार नव्हते. “आसली हाळी खोटी घालत न्हाईत, विश्वा,” म्हणाले. तू लाडीगोडी लावलीस. शेवटी त्यांनी अट घातली, की लागलीच फिरती घालीन, म्हणजे तोड निघेल. आणि घातली. माळावर उभं राहून दोन्ही घातल्या. तू पहिली ठेवलीस आणि दुसरी टाकून दिलीस.

मी मागितली तेव्हा तू काय कळवलंस? ‘त्यात ट्रकचा हॉर्न आला होता, ठेवली नाही. नवीन करून पाठवतो.’ ट्रकचा हॉर्न चालला असता, विश्वा. आम्हाला काहीही चाललं असतं. मी मोबाईल उशाला घेऊन बसले. नवीनही आली नाही.

मग मीच गच्चीत जाऊन घालून बघितली. आप्पा म्हणाले, “कोन बाई वरडतीया?” पप्पूला शिकवली. नानाकाकांचाच मुलगा, रक्तात असेल म्हटलं. पण तो जन्मभर लेथवर, त्याला कुठली येते? त्यानं घातली तर मालकीण पिशवी घेऊन खाली आली आणि आप्पा म्हणाले, “भाजीवाला आला बग.” आम्ही दोघं गच्चीत बसून हसलो आणि मग पप्पू रडायला लागला.

सोमवारी आमच्या गल्लीतल्या कारखान्यांना सुट्टी असते. या सोमवारी सकाळी आप्पांना कळलं की मशिनी बंद आहेत. मला म्हणाले, खिडकी पूर्ण उघड, आता ऐकू येईल. मला त्या दिवसाची भीती होतीच. इतके दिवस निदान मशिनींवर दोष टाकता येत होता. सबंध दिवस त्यांनी ऐकलं. तोंडात पाणी घातलं तर गिळताना आवाज होतो म्हणून घेईनात. मला हलू देत नव्हते. दिवस कलला तसं त्यांनी कोपर काढून घेतलं आणि उताणे पडले. म्हणाले, “आक्का, चूल इजीव. नाना गेला.”

मी गॅस बंद केला. मग माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, आवं आप्पा, ती तुमचीच हाळी हाय, विश्वानं यंत्रात घेतल्याली. नानाकाका कवाच गेल्यात. ते शांतपणे म्हणाले, “माझी आसती तर मी फिरती घातली नसती व्हय?”

याचं उत्तर तुझ्याकडं असलं तर सांग.

तेव्हापासून घरात सुतक आहे. मायाच्या माहेरची माणसं भाकरी आणून देतात. आप्पांनी पप्पूला विचारलं, बाप गेला आणि डोकं का भादरलं नाहीस? काल पप्पू खरोखरच डोकं भादरून आला, टोपी घालून कामावर गेला आणि सुटल्यावर टोपी काढून आप्पांसमोर बसला. आप्पा उजव्या हातानं त्याच्या टाळूवरनं हात फिरवत होते. बराच वेळ. मग दाराकडं बघून मला विचारलं, “विश्वा न्हाई आला मातीला?”

किती दिवसांनी तुझं नाव घेतलं, आणि ते असं.

मी म्हटलं, येतोय, वाटेत आहे. त्यांनी मान फिरवली. ‘वाटेत आहे’ हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता त्यांना ते ऐकूही जात नसावं. कालपासून कुठल्याच आवाजाला ते मान वळवत नाहीत. नानाच्या दहाव्यापर्यंत आप्पा राहतील असं डॉक्टरांना वाटत नाही.

आता एक कर. फिरती हाळी सापडली, किंवा नवीन केलीस, तरी पाठवू नकोस. त्यांच्या लेखी नाना गेला. मेलेल्या माणसाची हाळी त्यांना ऐकवायची माझी छाती नाही. यायचं असलं तर ये. आलास तर खालून हाक मारू नकोस, नुसता जिना चढून वर ये. त्यांच्यासाठी आता तुझ्या येण्याचा काही उपयोग होईल असं मला वाटत नाही. माझ्यासाठी होईल का, तेही सांगता येत नाही.

सुतकात आशीर्वाद लिहीत नाहीत, म्हणून लिहिलेले नाहीत.

आक्का