फुलीपुढची टीप

३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. तुझा प्रबंध पोचला. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून मला एक खोड लागली आहे: मी शेवटच्या पानापासून उलटं वाचतो. अर्थ कळू लागला की डोळे चुका गिळतात. तुझ्या लेखनात ती भीती नव्हतीच म्हणा.

एवढं उमगलं: रिकाम्या जागेतही ऊर्जा असते. गणिताने ती जेवढी यायला हवी, त्याहून मोजणीत भरते कितीतरी कमी. किती, तर एकावर एकशेवीस शून्यांच्या पटीने. तू म्हणतेस, उरलेली ऊर्जा एका गुंडाळलेल्या, न दिसणाऱ्या मितीला वाकवण्यात खर्ची पडते, म्हणून आपल्याला तिची झळ लागत नाही. आणि तुझं उत्तर मोजणीशी तंतोतंत जुळतं. भिंगरे, तुझ्या काकूने माप घेऊन शिवलेला सदराही मला इतका तंतोतंत बसत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. त्या मितीचा घेर तुला कुणी सांगितला?

काकूचेही आशीर्वाद. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा काका

९ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि. रागावू नका, पण तुम्हाला जुळलेलं काही बघवत नाही. आई सांगते, तुम्ही स्वतःच्या लग्नपत्रिकेतही चूक काढली होती.

घेर माझ्या मार्गदर्शक सरांच्या जुन्या तक्त्यातून घेतलाय. सगळे तोच वापरतात. एकवीसला तोंडी परीक्षा आहे; ती पार पडली की विभागातली नोकरी पक्की. सहा वर्षं घासलीत मी. तुम्ही स्वल्पविराम बघा, विश्व मी बघते.
तुमची (जरा चिडलेली) भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. स्वल्पविराम बघितले, चौदा उडवले.

‘सगळे तोच वापरतात’ हे प्रमाण कोणत्या शास्त्रातलं? जे सिद्ध करायचं तेच पुरावा म्हणून पुढे केलं, तर आमच्या न्यायशास्त्रात त्याला ‘साध्यसम’ म्हणतात आणि बाकावर उभं करतात. प्रबंधाच्या शेवटी तू जोडलेल्या त्या तक्त्यात घेराच्या आकड्यावर बारीक फुली आहे. खाली टीप मात्र नाही. फुली आहे तिथे टीप असलीच पाहिजे. सरांकडे मूळ प्रत माग. टाळाटाळ झाली, तर समज.

राग ओसरला की लिही.
तुझा संशयी काका

२२ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि. मूळ प्रत आधी सरांना आठवेना, मग कपाटाची किल्ली सापडेना. मी कपाटापाशी स्टूल ओढून बसले. तासाभराने किल्ली त्यांच्याच खिशात निघाली. पिवळ्या कागदावर, फुलीपुढे, त्यांच्याच अक्षरात ओळ होती: मोजणीशी जुळेल असा घेर घेतला आहे.

टाइप करताना ती गळली की गाळली, हे त्यांनी सांगितलं नाही. घेर मोकळा सोडून मी गणित पुन्हा केलं. ती एकशेवीस शून्यं घरी परतली, सहकुटुंब.

काल परीक्षकांपुढे पहिल्याच वाक्यात हे सांगून टाकलं. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षा वर्षभर लांबली, नोकरी दुसऱ्याला गेली. आईचा रोख तुमच्यावर दिसतो, तेव्हा तूर्तास इकडे फिरकू नका.

नवी प्रत सोबत आहे. या खेपेस मुकाट्याने पहिल्या पानापासून वाचा. शेवटचं पान अजून नाहीच.

लोभ आहेच, तो संशयासकट राहू द्यावा.
तुमची भिंगरी