‘नि’ची काच

प्रिय दादा,

अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस. सकाळी साडेदहाला आईच्या फोटोची चौकट उघडली, आता दोन वाजून गेलेत. मधल्या वेळात मी काय केलं विचारशील तर काहीही नाही. चहा केला, त्यावर साय धरली, तो तसाच ओतून दिला. शेजारीण डोकावली, म्हणाली, बरं नाही का हो? मी तिला म्हटलं, मीच धुतली. बिचारी घाबरून आल्या पावली परत गेली.

तुझं कार्ड गेल्या आठवड्यात मिळालं. बेचाळीस वर्षांत तू पहिल्यांदा काहीतरी मागितलंस. डोळ्यांचं ऑपरेशन आहे, डॉक्टर खात्री देत नाहीत, त्याआधी एकदा आईला पाहायचंय, फोटोची नक्कल असली तरी चालेल. खरं सांगू? मला दया नाही आली, संताप आला. ज्याने आईच्या एकुलत्या एका रंगीत फोटोची काच फोडली, तो आता कुठल्या तोंडाने फोटो मागतो? बाबा गेले तरी त्यांचा राग मी जिवापाड सांभाळला होता, जणू माझ्या वाटणीला तेवढाच आला होता. तरी पण भाऊ तो भाऊच. नक्कल काढून घ्यावी म्हणून चौकट भिंतीवरून उतरवली. सोबत पाठवायची चिठ्ठीसुद्धा आधीच लिहून ठेवली होती. तिच्यात काय होतं ते शेवटी सांगते, आत्ता धीर नाही.

तुला बाबांचं रंगाचं वेड आठवतंय ना? गिऱ्हाइकं काळ्यापांढऱ्या फोटोवर खूश होती. वरून मी कुंचल्याने गाल गुलाबी करून दिले की अधिकच खूश. पण बाबा म्हणायचे, ही रंगरंगोटी झाली ठके, हा रंग नव्हे. मग त्यांनी तो तीन काचांचा घाट घातला. कॅमेऱ्यापुढे आधी लाल काच धरायची, मग हिरवी, मग निळी, आणि एकाच माणसाचे तीन फोटो तीन साध्या काचांवर घ्यायचे. तिन्ही काळेपांढरेच. त्यांच्या पारदर्शक प्रती तीन दिव्यांपुढे लावायच्या, प्रत्येकीपुढे तिच्याच रंगाची काच, आणि भिंतीवर तिन्ही चित्रं एकमेकांवर बसवायची. फळांच्या टोपलीचा तो पहिला प्रयोग! खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. बाबांनी तिसरं चित्र सरकवत सरकवत जागेवर आणलं आणि भिंतीवर एकदम संत्री पिकली. मी किंचाळले. तू उठून भिंतीला हात लावून पाहिलास. आई म्हणाली, अगंबाई, आता नुसता वास यायचा राहिलाय!

पुढे शिंप्याच्या पोपटाने मधेच मान हलवली आणि भिंतीवर त्याला तीन चोची आल्या, एक लाल, एक हिरवी, एक निळी. पाववाल्याच्या वेळी तर कहरच झाला. फोटोच्या काचांवर बाबा एक, दोन, तीन असे आकडे घालायचे, ते त्यांच्याकडूनच उलटसुलट लागले आणि पाववाला भिंतीवर निळाशार उगवला. त्याची बायको पदराआड हसत होती, तो मात्र पुन्हा आपल्या दारात फिरकला नाही. बाबा फार खजील झाले. आकडे बंद, म्हणाले. त्याऐवजी काय, ते आपल्याला दोघांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादा, आज तू इथे असतास.

मग आईचा फोटो. तुझ्या पहिल्या पगाराची ती शाल आईच्या खांद्यावर होती. तिला बोलताना धाप लागायची, आणि बाबांनी तिला खुर्चीत बसवून, मानेमागे टेकू लावून, तीन वेळा श्वास रोखायला लावला. छापखान्यातून तू नेमका तेव्हाच आलास आणि ओरडलास, आजारी बाईला पुतळा करता? एक दिवस तुमच्या या काचा फोडून टाकीन! हे मी ऐकलं, बाबांनी ऐकलं, अख्ख्या गल्लीने ऐकलं. तीन आठवड्यांनी आई गेली. बाबांना जेव्हा त्या काचांना हात लावायचं बळ आलं, तेव्हा वाळत घालायच्या घोडीवर दोनच काचा होत्या. निळी नव्हती. तिच्याशिवाय रंगीत फोटो होतच नाही. बाबा तुला एवढंच म्हणाले, नीघ. तू एकदाच म्हणालास, मी हात लावलेला नाही. मग माझ्याकडे बघितलंस. आणि मी, बारा वर्षांची शहाणी, मान खाली घातली.

आता सकाळचं ऐक. पक्कडीने खिळे उपटले, मागचा पुठ्ठा काढला, फोटो बाजूला ठेवला. मीच रंगवलेला फोटो तो, उरलेल्या काचेवरून छापलेल्या काळ्यापांढऱ्यावर, आणि त्यात शाल अंदाजाने हिरवी केलेली, कारण खरी शाल आईबरोबरच जळून गेली होती. काच उन्हात धरून पुसायला लागले तर कोपऱ्यात बोटाला काहीतरी खरखरलं. काच कापायच्या हिरकणीने कोरलेलं अक्षर होतं, ‘नि’. लाकडाच्या आड होतं म्हणून कधी दिसलं नव्हतं. मी मनाशी हसलेसुद्धा. आपली दोघांचीच खूण ना! छापखान्यात लागल्यावरही सकाळी तासभर तू बाबांना मदत करायचास, वाया गेलेल्या काचांवर ‘नि’ कोरून ठेवायचास. मला बजावलं होतंस, नि म्हणजे निकामी, ठके. नि दिसला की गरम पाणी, सोडा, आणि घास. काच स्वच्छ झाली की पुन्हा वापरता येते. म्हटलं, बाबांनी चौकटीला जुनीच काच वापरली असणार. पण समोरच्या कोपऱ्यात आणखी एक अक्षर होतं, बारीक. ‘सौ.’

दादा, वाया गेलेल्या काचेवर ‘सौ.’ कोण कोरेल? बाबांची पेटी मी त्यांच्यामागे एकदाही उघडली नव्हती, ती उघडली. त्या दोन काचा फडक्यात गुंडाळलेल्या सापडल्या. एकीच्या कोपऱ्यात ‘ला’, समोर ‘सौ.’ दुसरीवर ‘हि’, समोर ‘सौ.’ ला, हि, नि. लाल, हिरवी, निळी. तिन्ही काचा मी जमिनीवर ओळीने मांडल्या.

आई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी अंधाऱ्या खोलीत जाऊन घोडीवरच्या सगळ्या ‘नि’ काचा काढल्या आणि धूत बसले. दुसरं काही मला येत नव्हतं रे. त्यांतली एक आठवते. काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची कुणी म्हातारी होती, गिऱ्हाईक असेल म्हटलं. उलट्या चित्रात आई मला ओळखू आली नाही. मी तिला सोडा लावून घासलं, दादा. दोन्ही हातांनी, चकचकीत होईपर्यंत.

एवढं कळल्यावर माणसाने रडावं की नाही? मला रडू येईना. कारण तेवढ्यात दुसरी गोष्ट ध्यानात आली. ही चौकट बसवली कुणी? बाबांनी. तू गेल्यावर दोन महिन्यांनी, स्वतःच्या हाताने. आपण कोरलेलं ‘नि’ आणि ‘सौ.’ त्यांना दिसलं नसेल? कोरी झालेली काच हातात आल्यावर ती कोण धुतं हे त्यांना कळलं नसेल? मला म्हणायचे, त्या फोटोवर फडकं बाहेरूनच फिरव, उघडू नकोस. आणि त्यानंतर त्यांनी मला एकही काच धुऊ दिली नाही. मला वाटायचं, सोड्याने माझी बोटं फाटतात म्हणून जपतात. त्यांनी मला वाचवलं, आणि त्यासाठी तुला आयुष्यभर बाहेर ठेवलं! पेटीच्या तळाशी सात कागद मिळाले. प्रत्येकावर ‘चिरंजीवास आशीर्वाद’ एवढंच, पुढे कोरं. आशीर्वादापुढे एक ओळ लिहायला कितीशी शाई लागते? मी त्यांच्या तसबिरीसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाले, बाबा, तुम्ही भित्रे होता. बापाला असं कधी बोलले नव्हते. बोलल्याचं वाईटही वाटत नाहीये.

आता त्या चिठ्ठीचं. तिच्यात मी लिहिलं होतं, ‘ज्याने खरा रंग घालवला, त्याने नकलेवर समाधान मानावं.’ आज संध्याकाळच्या टपालात ती पडायची होती. मी तिचे तुकडे केले आणि हे पत्र लिहायला बसले. माफी मागायला तोंड नाही. तू मला लाडाने ठकी म्हणायचास. ठकवलं मी तुलाच, तेही न कळत. पण एक काम तुझ्याशिवाय होणार नाही. उरलेल्या दोन्ही काचा मी उन्हात धरून ताडून पाहिल्या. हिरव्या काचेत शाल पांढरी आली आहे, उलट्या चित्रात पांढरं म्हणजे काळोख, म्हणजे ती हिरवी नव्हतीच. लाल काचेतही तसंच, म्हणजे लालही नव्हे. निळी होती की काळी, हे फक्त तिसरी काच सांगू शकली असती. शाल तू आणलीस, दुकानात रंग तू निवडलास, तो तुझ्याच डोळ्यांत उरलाय. फोटोवरचा हिरवा रंग मी ओल्या कापसाने पुसून काढलाय आणि ती जागा मोकळी ठेवली आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने आई, तीन काचा आणि रंगांची पेटी घेऊन मी येते. दार उघडलंस तर तुझ्या शेजारी बसून तू सांगशील तो रंग भरेन, आणि डोळ्यांवर पट्टी चढायच्या आत तू तो बरोबर आहे का बघ. नाही उघडलंस, तर मी पायरीवर बसेन.

तुझीच,
ठकी