यंत्र दमतं कुठं

आबा,

माझ्या गाडीला क्लच नाही. म्हणजे पायाखाली नाही, आत कुठंतरी आहे, आणि तो दमतो. हे मला गेल्या दोन-अडीच महिन्यांत कळलं, आणि कळल्याबरोबर पहिली आठवण तुमची झाली. आपल्या गल्लीत पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा तुम्ही त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या होत्या, बाजारात बैल बघावा तशा. बॉनेटवर हात ठेवला, चाकाला पायाने टोचून बघितलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "ह्यो दमतो कुठं?" तो हसला. म्हणाला, "मामा, यंत्र हाय ते. दमत न्हाय." तुम्ही ऐकून घेतलंत आणि साखर कारखान्याच्या कुंपणाकडे, जिथं एक जुना ट्रॅक्टर गंजत पडला होता तिकडे बोट केलंत. "दमत न्हाय तर मरतं कसं?" तो ट्रॅक्टर चालू करून निघून गेला. त्याचं उत्तर इतकी वर्षं मलाही देता आलं नसतं. आता येतंय.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, क्लच दाबायचा नाही. निवृत्तीला तीन वर्षं आहेत, ऑफिस कागलला आणि घर शिवाजी पेठेत. एसटीच्या पायऱ्या गुडघ्याला झेपत नाहीत. म्हणून ही ऑटोमॅटिक घेतली. पहिल्या आठवड्यात माझा डावा पाय सारखा क्लच शोधायचा आणि सापडेल त्यावर, म्हणजे ब्रेकवर, धाडकन पडायचा. गल्लीच्या तोंडाशी मी एकदा अशी थांबले की मागच्या दुधवाल्याची किटली माझ्या डिकीला भेटून गेली. मग तो पाय सीटखाली दुमडून ठेवायची सवय केली. वाटलं, शिकले. गाडीच आपली आपण गिअर बदलते, आपण नुसतं बसायचं.

पण हायवेची हालत तुम्ही बघायला हवी होती. रस्ता रुंद करायचं काम चाललंय, म्हणून सगळी वाहतूक एका कडेला दाबलेली. त्यात गळीत हंगाम. बैलगाड्या आता मोजक्याच, एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, उसाने अशा फुगलेल्या की शेजारून जाताना शेंड्यांचं वाढं आरशाला लागतं. रांग वीतभर सरकते, थांबते, पुन्हा वीतभर सरकते. मीही सरकायची. पुढच्या ट्रॉलीपासून जरा अंतर राहिलं की जीव खालीवर व्हायचा, कोणीतरी घुसेल म्हणून. ब्रेक जरासा सोडायचा, गाडी आपली आपण रांगते, पुन्हा दाबायचा. उड्डाणपुलाच्या चढावर तर ब्रेकसुद्धा नाही, रेसवर हलकासा पाय ठेवला की गाडी जागच्या जागी उभी राहते. मला ती मोठी हुशारी वाटायची. डिसेंबर संपता संपता गाडी उठताना थरथरायला लागली, माशी बसल्यावर बैल कातडी थरथरवतो तशी. आणि एक दिवस जळका वास आला.

उद्यमनगरात एक मेकॅनिक आहे, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याने एक चक्कर मारली, लॅपटॉप जोडला, हात पुसले आणि विचारलं, "गाडी कोण चालवतंय?" मी म्हटलं, "ड्रायव्हर आहे."

का म्हटलं, ते सांगते. आसपास चार पोरं उभी होती आणि बाई चालवते म्हटल्यावर त्यांच्या तोंडावर काय येणार ते मला दिसत होतं. लाज वाटली, दुसरं काही नाही. पंचावन्न वर्षांची बाई, साहेबांच्या समोर फाइल आपटून बोलणारी, आणि तोंडातून पटकन ड्रायव्हर बाहेर आला.

"मग त्या ड्रायव्हरला शिकवा, न्हायतर काढा," तो म्हणाला. "वीतवीत सरकवतोय त्यो. अन् चढाला रेसवर धरतोय."

मला आता ड्रायव्हरपेक्षा आतल्या गोष्टीचंच कुतूहल लागलं. सरकवलं तर काय होतं? त्याने कोपऱ्यातून दुसऱ्या कुठल्या गाडीची काढलेली जुनी प्लेट आणून माझ्या हातात दिली. भाकरीएवढी, कडेला निळी पडलेली, वास अजून तोच. "क्लच हायच हिला," तो म्हणाला. "पाय तेवढा तुमचा न्हाय, यंत्राचा हाय. ब्रेक पुरा दाबलासा की क्लच सुटतो, निवांत बसतो. ब्रेक अर्धामुर्धा सोडून रांगत ठिवली की ह्यो घासत ऱ्हातो. चढाला रेसवर धरली की सगळ्या गाडीचं वजन ह्या एवढ्या चकतीवर. चालताना काय होत न्हाय तिला. उठताना झिजती."

आबा, मी ती प्लेट हातात उलटसुलट करून बघितली. चालताना नाही, उठताना. हे मी आधी ऐकलं होतं. उसाची बैलगाडी घेऊन तुम्ही कारखान्याच्या रांगेत असायचा, मागचा गाडीवान ओरडायचा, "हाक की रं पुढं," आणि तुम्ही ढिम्म. दोन हात जागा झाली, चार हात झाली, तरी हलायचा नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "भरल्या गाडीचा बैल चालताना दमत न्हाय पोरी, उठताना दमतो. वीतवीत उठवलं तर दिसभरात शंभरदा उठवशील. दहा हात जागा हू दे, मग एकदाच हाक." तुम्ही शाळेची पायरी चढला नव्हता आणि मेकॅनिक इंजिनिअरिंगच्या गोष्टी सांगतो, आणि दोघांचं म्हणणं एकच. हे कसं, याचं मला अजून नवल वाटतंय.

मी त्याला इतकं विचारलं की त्याने शेवटी चहा मागवला. थोडं थांबायचं असेल तर ब्रेक गच्च दाबून राहायचं. बराच वेळ थांबायचं दिसलं तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. चालत्या गाडीला न्यूट्रल करायचं नाही. मागं घ्यायची तर आधी गाडी ठार उभी करायची. चढावर ब्रेकच, रेस नाही. "निम्मी प्लेट गेलीया," तो म्हणाला. "ड्रायव्हर सुधारला तर चालंल. न्हाय सुधारला तर उन्हाळ्याच्या आत बसंल, अन् मग सगळा गिअरबॉक्स उतरवाय लागंल." गाडी बसली म्हणजे मीही घरी बसले. पोरगा पुण्याहून टपलेलाच आहे, "आई, आता पुरे झालं, नोकरी सोड" म्हणायला.

तेव्हापासून मी तुमच्यासारखी चालवते. पुढं दहा हात जागा होऊ देते. कोल्हापुरात जागा सोडणं म्हणजे आमंत्रणच, रिक्षा घुसते, दुचाक्या घुसतात, एकदा तर एक जण शेळी घेऊन मधून गेला. मागचा हॉर्न दाबून ओरडतो, "ओ पावणं, झोपलासा काय?" मग शेजारी येऊन बघतो आणि "चला की मावशी" एवढ्यावर येतो. मी ढिम्म. सात-आठ गाड्या पुढं गेल्या तरी कागलला पोचायला तेवढाच वेळ लागतो, हे मी घड्याळ लावून पाहिलंय. थरथर आधी कमी झाली, मग सकाळच्या पहिल्या उठण्यापुरती राहिली.

फक्त उड्डाणपुलाच्या चढावर हँडब्रेक ओढला की मला दगड आठवतो. आईच्या फुटक्या जात्याचं अर्धं पाळं. तुम्ही ते पोत्यात गुंडाळून गाडीबरोबर ठेवायचा आणि कारखान्याच्या वजनकाट्याआधी जो थोडासा चढ होता तिथं रांग थांबली की चाकामागं लावायचा. मग भार दगडावर, बैल मोकळे. त्या रविवारी मी भाकरी घेऊन आले होते, दहा वर्षांची असेन. रांग हलेना. तुम्ही नंबर बघायला गेलात आणि जाताना म्हणालात, "दगड लाव गं चाकाला. डाव्याचा खांदा हळवा हाय." मी पोतं सोडलं, दगड काढला आणि चिंचेखाली नेऊन त्याच्यावर बसले. ऊस सोलत. बैल उभे होते, मला वाटलं, उभे तर आहेत. दुपार कलली तशी तुम्ही लांबून येताना दिसलात, तेव्हा धावत जाऊन दगड चाकाशी सरकवला. तुम्ही विचारलंत, "लावलावतास न्हवं?" मी म्हटलं, "व्हय." तुम्ही माझ्या फ्रॉकला मागं लागलेली माती झटकलीत, दोनदा, आणि बैलांकडे गेलात.

दुसऱ्या दिवशी डाव्या बैलाचा खांदा सुजून टम्म. बैल मालकाचे, गाडी मालकाची. मालक दारात येऊन सगळ्या गल्लीसमोर बोलला. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "चढाला गाडी उभी केली, चूक माझी." मी उंबऱ्यात उभी होते. गाडी दुसऱ्याला गेली. तो हंगाम तुम्ही डोक्यावरून मोळ्या वाहिल्यात, आणि पुढचाही. जात्याचा दगड आपल्या दाराशीच राहिला, येणारा-जाणारा त्याच्यावर बसायचा. मी कधी बसले नाही. एकदा तुम्हीच म्हणालात, "बस की. आता ते काय चाकाला लागत न्हाय." मला वाटलं, सहज म्हणालात.

परवा मेकॅनिककडे पुन्हा गेले. त्याने चक्कर मारली, लॅपटॉप बघितला आणि पहिल्यांदाच हसला. "ड्रायव्हर सुधारला की मॅडम. चालंल आता गाडी." मी म्हटलं, "ड्रायव्हर नाही. मीच चालवते." तो म्हणाला, "ठाव हाय की. पयल्याच दिवशी कळलंतं. सीट एवढी पुढं वढलेली, पाठीला उशी. कुठला ड्रायव्हर असा बसतोय?" मग सांगितलं का नाहीत, विचारलं. खांदे उडवून म्हणाला, "सांगून काय हुतंय? तुम्ही शिकत हुतासा."

घरी येईपर्यंत मला एकच दिसत होतं. फ्रॉकच्या मागं लागलेला मातीचा अर्धगोल, जात्याच्या पाळ्याएवढा. तुम्ही दोनदा झटकलात. आबा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? पंचेचाळीस वर्षं मी समजत होते की तुम्ही फसून गेलात. मालकासमोर चूक माझी म्हणालात ते माझ्यावर विश्वास ठेवून, की उंबऱ्यात उभी मला बघून, मला वाचवायला? आणि दाराशी बस की म्हणालात, ते? तुमच्या शेवटच्या आजारात मी आठवडाभर तुमच्या उशाशी होते. विचारायचं राहिलं, आणि आता विचारायला कोणी नाही. विचारून काय मिळालं असतं ते मात्र मला खरंच जाणून घ्यायचंय.

हे कागद गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात ठेवून देईन, डॅशबोर्डच्या कप्प्यात. त्या पुस्तकात चढावर काय करायचं ते पहिल्यापासून छापलेलं होतं. मी उघडलंच नव्हतं. आता एक शेवटचं, जे मेकॅनिकलाही कळलेलं नाही. त्याने ड्रायव्हर सुधारला म्हटलं, म्हणून मी कबूल झाले. प्लेट गेली म्हणाला असता तर, चूक ड्रायव्हरची, त्याला काढून टाकलं, असंच मी सांगितलं असतं.